सूनबाईंची बढती आणि आमची बदली

श्री. रामहरीराव वर्पे यांस,

पारनेरहून आपला व्याही राधाकृष्ण ठुबे याचा वाकून नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात वाकणे बंद आहे, पण पत्रात वाकायला डॉक्टरांची हरकत नसावी.) आपली प्रकृती, विहीणबाईंची कंबर आणि संगमनेरची थंडी, तिन्ही बेताची असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. म्हणजे आता ठीक आहोत.

पत्र कशाला, फोन नव्हता का, असे आपण म्हणाल. पण आपण फोनवर कानाचे यंत्र काढून बोलता. मागच्या खेपेला मी 'निकिताची बढती झाली' म्हणालो, ते आपण 'बदली झाली' असे ऐकलेत आणि विहीणबाई रडायला लागल्या. (दोन्ही खरे निघाले, हा भाग निराळा.) व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावे तर ते दोन्ही घरांच्या ग्रुपवर जाते आणि त्या ग्रुपात खुद्द सूनबाई आहेत. मला लिहायचे आहे ते त्यांच्यासमोर लिहिण्यासारखे नाही. वाईट काही नाही, कौतुकच आहे. पण सुनेचे कौतुक तिच्या तोंडावर करायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि नवी पद्धत पाडायची तर आमच्या मंडळींची, म्हणजे लंकाबाईंची, परवानगी लागेल.

तर पहिल्यापासून सांगतो. आपली निकिता बी.एस्सी. झाली, तलाठ्याची परीक्षा पास झाली आणि मग आमच्या घरात आली, हे आपल्याला ठाऊकच आहे. (त्या पदाला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असे शासनाने ठरवले आहे. गाव अजून तलाठीबाईच म्हणते.) माझी समजूत अशी, की सरकारी नोकरी लागली म्हणजे माणसाला सीट मिळाली, आता शेवटचा स्टॉप येईपर्यंत उठायचे कारण नाही. मी स्वतः एसटीत कंडक्टर म्हणून चढलो आणि कंडक्टर म्हणूनच उतरलो. मधल्या काळात कधी कुणी मला पुढे सरका म्हटले नाही. ते वाक्य माझेच होते. सूनबाईंचे तसे नाही. लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मला समजावून सांगितले, की पदवी घेऊन नोकरी लागणे म्हणजे जिन्याची पहिली पायरी. पुढे खात्याची परीक्षा, मग महसूल अर्हता परीक्षा, मग ज्येष्ठता यादी, मग मंडळ अधिकारी, मग नायब तहसीलदार, आणि त्याच्याही वर जिना आहेच. मी विचारले, एवढे चढून माणूस दमत नाही का? तर म्हणाल्या, अण्णा, एका पायरीवर उभं राहून जास्त दमायला होतं.

तो अभ्यास मी डोळ्यांनी पाहिला आहे, रामहरीराव. तव्यावर भाकरी, ओट्यावरच्या डब्याला टेकवलेले जमीन महसूल संहितेचे पुस्तक, आणि पिठाच्या हाताने पान उलटता येत नाही म्हणून पान उलटायला मी. पुढे नुसते पान उलटून माझे भागेना, तेव्हा मी प्रश्नही विचारू लागलो. आमची नात दिशा तेव्हा पाळण्यात होती. तिला झोपवताना निकिता अंगाईच्या चालीवर कलमे म्हणायची आणि पोरगी एकशे पन्नासाव्या कलमाला हमखास झोपायची. (मी त्याच्या बराच आधी.) दिवसभर सातबारे, पीकपाहणी, पंचनामे आणि लोकांची बोलणी, आणि घरी आल्यावर हे. शेवटी काय झाले, तर सूनबाई परीक्षा पास झाल्या आणि कलमे मला पाठ झाली. पारावर कुणी बांधाचा विषय काढला, की मी कलमाचा नंबर सांगून मोकळा होऊ लागलो. पुढे जे घडले त्याची सुरुवात ही अशी झाली.

दिवाळीच्या तोंडावर आदेश आला. निकिता मंडळ अधिकारी झाली, पण नेमणूक पाथर्डी तालुक्यात. (गावाचे नाव लिहीत नाही. का, ते पुढे कळेल.) त्या दिवशी जेवताना तिने शांतपणे सांगितले, की ही बढती नाकारायचे माझ्या मनात आहे. दिशाची शाळा इथे, करणची कंपनी सुप्याला, घर असे उचलून कसे न्यायचे? एकदा नाकारली, की पुन्हा बरीच वर्षे कुणी विचारत नाही, तेही तिने सांगितले. आमचा करण म्हणाला, तू म्हणशील तसं. (हा मुलगा लग्नाच्या आधीपासून एवढे एकच वाक्य बोलतो आणि त्यावर त्याचे उत्तम चालले आहे.) मी कलम शोधत होतो, पण अशा प्रसंगाला कलम नाही. आपली लेक ताटातला भात नुसता चिवडत होती. एवढा अभ्यास केलेले माणूस असे खाली मान घालून बसलेले मला बघवेना.

तेव्हा आमच्या लंकाबाई बोलल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी सुनेला समोरासमोर कधी 'छान' म्हटलेले नाही, हे आपल्या कानावर असेलच. त्या भाकरी मोडता मोडता म्हणाल्या, "तुला आमी विचारलं का? सरकारनं विचारलंय. सरकारनं वर बस म्हनलं तर वर बसावं. घरचं मी बघते."

आणि वाटीभर आमटी सुनेच्या पानात वाढून उठून गेल्या. निकिताने ती आमटी भातावर ओतली. मग सगळी जेवली.

असा निर्णय झाला. नंतर प्रश्न आला, की पहिले काही दिवस तिच्याबरोबर कोण जाणार. खोली बघणे, गॅस जोडणे, पाण्याचा वार विचारून घेणे ही कामे मी चांगली करतो, असे मीच सांगितले आणि मीच निघालो. निघताना लंकाबाईंनी मला एकच सूचना दिली, ती म्हणजे तिथे तोंड कमी चालवा. मी ती गंभीरपणे घेतली नाही.

आता मुख्य प्रकार ऐका. रुजू व्हायच्या दिवशी सूनबाई स्कूटीवरून पाथर्डीला तहसील कचेरीत गेल्या आणि मी मंडळाच्या गावी ऑफिस उघडून घ्यायला गेलो. ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक कपाट आणि एक खुर्ची. गावात एवढेच कळले होते, की नवे ठुबे साहेब येणार. मी इस्त्रीची पँट घातलेली, खिशाला दोन पेने (कंडक्टरकीची सवय), डोळ्याला चष्मा. कोतवाल सहादेव याने मला बघितले आणि पायातली चप्पल काढली. मी साहेब आहे, असे मी म्हणालो नाही. मी साहेब नाही, असेही म्हणालो नाही. त्याने खुर्ची पुसली. खुर्चीचा एक पाय हलत होता. सूनबाई बसल्यावर पडू नयेत म्हणून मी ती बसून तपासायला घेतली. आता तपासणी म्हटली की जरा वेळ बसावेच लागते.

तेवढ्यात श्रीमंत नावाचे एक गृहस्थ शाल आणि नारळ घेऊन आत आले. मी नको नको म्हणेपर्यंत शाल माझ्या खांद्यावर होती. त्यांच्यामागून चहा आला. रामहरीराव, जन्मभर मी लोकांना आत सरका म्हणत आलो. मला कुणी 'बसा साहेब' म्हटल्याचे आठवत नाही. चहा गोड होता. मला साखरेचे पथ्य आहे हे मी त्या क्षणी विसरलो. मग श्रीमंतांनी गाऱ्हाणे मांडले. त्यांच्या वावरात जायचा रस्ता त्यांचे चुलतभाऊ बजरंग यांच्या बांधावरून जातो आणि बजरंगांनी तो तूर पेरून बंद केला. "कांद्याचं रोप लागनीला आलंय साहेब. ट्रॅक्टर न्यायचा कुठून?" असे ते अगदी काकुळतीने म्हणाले.

आणि माझ्या तोंडून निघून गेले, की कलम एकशे त्रेचाळीस, रस्ता मिळालाच पाहिजे.

बरोबरच होते ते. परीक्षेत याला पूर्ण मार्क पडले असते. पण श्रीमंत परीक्षक नव्हते. ते हात जोडून उठले आणि गेले. मला वाटले, समाधान होऊन गेले. संध्याकाळी सूनबाईंनी विचारले, ऑफिसात कुणी आले होते का? मी म्हटले, एक जण येऊन चहा देऊन गेला, माणसे चांगली आहेत. शाल मी पिशवीच्या तळाशी ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सूनबाईंनी जेमतेम खुर्चीत बसून घेतले होते (पाय हलतच होता), तोच सहादेवाला फोन आला. श्रीमंतांनी जेसीबी आणला होता आणि तो बजरंगांच्या उभ्या तुरीच्या तोंडाशी उभा होता. बजरंग आणि त्यांची मंडळी जेसीबीपुढे बसली होती. श्रीमंत सगळ्यांना सांगत होते, की काल साहेबांनी हुकूम दिला आहे. सहादेवाने हे सगळे सांगितले, सूनबाईंकडे बघितले, मग माझ्याकडे बघितले आणि त्याला हळूहळू उलगडा होऊ लागल्याचे त्याच्या चेहऱ्यावर मला दिसले.

निकिताने कपाटातून गावाचा नकाशा काढला. तिने फक्त विचारले, "अण्णा, कोणतं कलम सांगितलंत?" मी नंबर सांगितला. ती म्हणाली, "त्यात निर्णय तहसीलदारांचा असतो. माझाही नसतो." मग म्हणाली, "गाडीवर बसा." मी मागे बसलो. स्कूटीवर सुनेच्या मागे बसून स्वतःच्या पंचनाम्याला निघालेला माणूस आपण पाहिला नसेल. वाटेत मी मनात सगळे देव आठवले. खुर्चीतल्या पहिल्याच दिवशी उभे पीक मोडले, कुणाचे डोके फुटले, तर एवढ्या वर्षांची मेहनत माझ्या एका चहापायी पाण्यात जाणार होती.

वावरात निम्मा गाव जमला होता. आम्ही उतरताच श्रीमंत पुढे झाले, सूनबाईंना ओलांडून माझ्यापर्यंत आले आणि या साहेब, म्हणाले. सूनबाईंनी हेल्मेट काढले, हँडलला अडकवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण जराही न चढवता बोलल्या.

"मंडळ अधिकारी मी आहे. हे माझे सासरे. एसटीत कंडक्टर होते. काल यांनी जे सांगितलं ते माझ्या सासऱ्यांनी सांगितलं, ऑफिसनं नाही."

मागून कुणीतरी म्हणाले, मास्तर, एक पाथर्डी द्या. सगळे वावर हसले. जेसीबीवाला सर्वांत जास्त हसला आणि हसता हसता त्याने मशीन बंद केले, एवढा माझा उपयोग झाला.

श्रीमंत मात्र भडकले. अधिकाऱ्याच्या घरची माणसे खुर्चीत बसून लोकांना फसवतात, मी वर तक्रार करतो, असे ते म्हणाले. मला वाटले, आता सूनबाई विनवणी करतील. त्यांनी पर्समधून पेन काढून त्यांच्यापुढे धरले आणि म्हणाल्या, करा. तुमची चूक नाही, तक्रार रास्त आहे. लिहून द्या, मी स्वतः तहसीलदार साहेबांकडे पाठवते. श्रीमंतांनी पेनाकडे बघितले, माझ्याकडे बघितले आणि पेन काही घेतले नाही. भांडायला आलेल्या माणसाला समोरून होकार मिळाला, की तो किती एकटा पडतो, हे मी त्या दिवशी पाहिले. (आमच्या गाडीत सुट्या पैशांवरून भांडणे व्हायची तेव्हा हे मला सुचले असते तर बरे झाले असते.)

मग तिने दोघा भावांना बरोबर घेतले आणि भर उन्हात तो सगळा बांध चालली. मी जांभळीखाली उभा राहून बघत होतो. ती पुढे, हातात नकाशा, साडीचा काठ कुसळांनी भरलेला, मागे दोघे भाऊ एकमेकांकडे न बघता. मध्येच थांबायची, एकाला विचारायची, मग दुसऱ्याला. बजरंगांनी बांधावर तूर का पेरली, हे तोवर कुणी विचारलेच नव्हते. श्रीमंतांच्या शेतातले पावसाचे पाणी त्यांचा बांध कातरत होते, दोन वर्षे सांगूनही ओघळ बुजवला नव्हता, म्हणून रागाने पेरली. परत आल्यावर तिने दोघांना समोर उभे केले. रस्त्याचा निकाल तहसीलदार देतील, तोवर कुणी काही तोडायचे नाही, असे आधी बजावले. मग म्हणाली, की जेसीबी तर आलाच आहे. श्रीमंतराव, तो बजरंगरावांच्या बांधाचा ओघळ बुजवू दे. आणि बजरंगराव, निकाल लागेपर्यंत कांद्याच्या लागणीपुरता कडेच्या तुरीच्या दोन ओळी काढून ट्रॅक्टर जाऊ द्याल का? मी हुकूम देत नाही, विचारते.

बजरंगांनी कडेच्या दोन ओळींवर नजर टाकली. मग म्हणाले, "आसं कुनी इच्यारलंच न्हाई बाई. इच्यारलं आस्तं तर तूर कशाला पेरली आस्ती." आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पहिले झाड उपटले.

रामहरीराव, मी त्या वेळी जांभळीच्या खोडाकडे तोंड करून चष्मा पुसत होतो. ऊन फार होते.

यानंतर बजरंगांनी चहाला बोलावले. सूनबाई म्हणाल्या, मी घेत नाही. पण काल ऑफिसच्या खुर्चीत एका बाजूचा चहा झाला आहे, तेव्हा आज दुसऱ्या बाजूचाही व्हायला हवा, नाहीतर पक्षपात दिसेल, अण्णा घेतील. तो चहा कालच्यापेक्षाही गोड होता. मी तो सर्वांसमोर उभ्याने प्यायलो. पिशवीतली शालही त्यांना कशी कोण जाणे माहीत होती. ती सहादेवाच्या हाती त्याच दिवशी श्रीमंतांकडे परत गेली. नारळ आम्ही आदल्या रात्री चटणीत घातला होता. त्याऐवजी नवा आणून द्यावा लागला.

ऑफिसात परतल्यावर तिने दार न लावता, माझ्यासमोर तहसीलदारांना फोन केला. मला वाटले होते, प्रकरण मिटले, आता वर कशाला सांगायचे? तिने सगळे सांगितले. शेवटी म्हणाली, "चूक माझ्या घरच्या माणसाची आहे सर, म्हणजे जबाबदारी माझी." पलीकडून ते बराच वेळ बोलत होते. ती हो सर, हो सर म्हणत होती आणि मग एकदम हसली. फोन ठेवल्यावर मी भीत भीत विचारले, काय म्हणाले? तर म्हणाली, सासऱ्यांना तलाठ्याच्या परीक्षेला बसवा म्हणाले. मग हसणे थांबवून म्हणाली, "अण्णा, उद्या सकाळच्या गाडीनं पारनेर."

अशी माझी बदली झाली. सबंध नोकरीत मला मेमो मिळाला नव्हता, तो घरात मिळाला. पण आपल्याला म्हणून सांगतो, गाडीत खिडकीशी बसून मी गाडी सुटल्यापासून शेजारच्या अनोळखी माणसाला माझी सून किती मोठी अधिकारी आहे हे सांगत होतो. तो करंजीला उतरणार होता, तो अलीकडेच उतरला.

आपण लेकीला शिकवलेत, तेव्हा आपल्या भावकीतले लोक काय काय बोलले, हे लग्नाच्या बैठकीत आपण मला सांगितले होते. त्या सगळ्यांना एकदा त्या बांधावर नेऊन उभे करावे असे माझ्या मनात आहे. अभ्यास करून माणूस परीक्षा पास होतो हे मला माहीत होते. अभ्यास करून माणूस 'विचारते' म्हणायला शिकतो, हे मात्र मी नव्याने पाहिले. ती नायब तहसीलदार होईल तेव्हा मी बराच म्हातारा असेन, तहसीलदार होईल तेव्हा असेन की नाही सांगता येत नाही. पण आपण दोघांनी तब्येती सांभाळायला हव्यात, असे मला प्रथमच वाटू लागले आहे.

विहीणबाईंना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद. थोडे लिहिले आहे, बाकीचे भेटीत, असे लिहिणार होतो. पण थोडे राहिलेले नाही.

आपला,
राधाकृष्ण ठुबे

ता. क. – एक सांगायचे राहिले. दिवाळीच्या सुट्टीनंतर दिशाला तिकडच्या शाळेत घातले, तेव्हापासून ती आणि तिची आजी पाथर्डीकडेच आहेत. परवा सूनबाईंचा फोन आला, की दिशाला शाळेत ने-आण करायला माणूस हवा आहे, अण्णा, याल का? (विचारले, हुकूम दिला नाही.) अटी दोन आहेत. ऑफिसच्या रस्त्याने जायचे नाही आणि कुणी चहा दिला तर घ्यायचा नाही. दोन्ही मी मान्य केल्या. अडचण एकच, ती म्हणजे आमची म्हैस.

ता. क. दुसरा – आपण दूध संघात आयुष्य घातलेले, म्हणून धीर करून लिहितो. व्याह्याला धार काढायला बोलावणे रीतीला धरून नाही, हे मला कळते. पण करणची शिफ्ट बदलती, आणि म्हशीला शिफ्ट चालत नाही. शेजारच्या बनुबाईंना तिने एकदा उडवले आहे. आपल्यासारखा शांत, जाणता आणि थोडा कमी ऐकू येणारा माणूस तिला मानवेल अशी माझी खात्री आहे. (ती ओरडते फार.) उजवीकडून बसावे. डावीकडून बसू नये, का ते लिहीत नाही. शाळेला मोठी सुट्टी लागेपर्यंतचाच प्रश्न आहे. निकिताला यातले काही माहीत नाही. कळलेच तर कल्पना आपली होती असे सांगावे.

ता. क. तिसरा – पत्र पोस्टाने उशिरा पोचेल म्हणून संगमनेरच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतो आहे. स्टँडसमोर आपल्या पुतण्याचे दुकान आहे, तिथे तो देईल. तीच गाडी दुपारी पारनेरला फिरते. पुढची सीट आपल्यासाठी धरून ठेवायला सांगितली आहे. घराची किल्ली बनुबाईंकडे आहे. सकाळची धार काढून मी निघालो आहे. संध्याकाळची आपल्याकडे.